खड्ड्यातून आलेली हाक

१

खटक्याच्या दाताची कड अजून तीक्ष्ण होती.

निशिगंधा चौगुलेने भिंगाखालचा तो बोटभर लांबीचा पोलादी तुकडा पुन्हा एकदा फिरवून पाहिला. हाताने चालवायच्या विंचच्या दातेरी चाकात असा खटका अडकलेला असतो, म्हणून दोराला टांगलेलं ओझं अधांतरी राहतं. ओझ्याच्या ताणाने तो निसटला असता, तर दाताची कड चुरली असती, निदान दुमडली तरी असती. चाकावर ओरखडे उठले असते. इथे तसलं काहीच नव्हतं. कडेवर ग्रीसचा पातळ थर होता आणि त्यात रुतलेली धूळ जागची हललीही नव्हती.

उद्यमनगरातल्या या प्रयोगशाळेत तिची निम्मी हयात गेली होती. ओतीव लोखंडाला चिरा का पडतात, बोल्ट का तुटतात, हे लोक तिला विचारायला यायचे आणि ती थोडक्यात सांगायची. आजही तिने थोडक्यातच लिहिलं. खटका निसटलेला नाही. तो हाताने उचलला गेला आहे.

गारगोटीच्या रस्त्यावर नदीवर नवा पूल चालला होता. पैसा परदेशी बँकेचा, कंपनीही परदेशी. पुलाच्या खांबासाठी खणलेल्या खोल खड्ड्यात सळ्यांचा भारा उतरवताना तो वेगाने खाली आला आणि खाली उभा असलेला अझीम जागच्या जागी गेला. शिवाजी पेठेतला पोरगा, तालमीच्या संघातून फुटबॉल खेळायचा. विंच निकृष्ट होता की माणूस चुकला, एवढंच कंपनीला निशिगंधाकडून हवं होतं.

"वा, मॅडम!" कंपनीचे इथले व्यवस्थापक शिंत्रे फोनवर खूश होऊन बोलले. "म्हणजे यंत्राचा दोष नाही. राहिला माणूस."

"माणसाबद्दल मी काही लिहिलेलं नाही."

"तुम्ही कशाला लिहिताय? ते पोलीस लिहितील."

पोलिसांनी वेळ लावला नाही. दुसऱ्याच दिवशी विंचवर असलेल्या शशिधरला उचलल्याची बातमी आली. मारेकरी असल्यासारखा त्याचा फोटो छापला होता. निशिगंधाने वर्तमानपत्राची घडी घातली आणि ती टेबलाच्या कडेला नीट लावून ठेवली. तिचं वाक्य खरं होतं. त्या खऱ्या वाक्याचा कुणीतरी फास केला होता.

दारात एक बाई उभी होती. कडेवर लहान मुलगी, कपाळाला भस्माची फिकट बोटं.

"लोखंड तपासणारी बाई तुमीच काय?"

"हो. या, बसा."

"बसाय आलो न्हाय. मी पवित्रा. शशिधर माझा तम्मा. धाकटा भाऊ." सीमेजवळच्या गावातून ती आली होती आणि तिच्या मराठीला कानडीचा हेल होता. "तुमच्या कागदानं त्याला आत घातलं."

"खटका हाताने उचललेला आहे, एवढंच मी लिहिलंय."

"मग तो कुठं न्हाय म्हनतोय? त्यानंच उचलला. पर सोड म्हणून कुनी सांगितलं, ते इचारलंसा काय कुनी?"

"कोणी सांगितलं?"

पवित्राने मुलीला कडेवर सावरलं.

"मेलेल्यानंच."

२

इन्स्पेक्टर सरनोबत हा मोठ्या आवाजाचा माणूस होता. मनाने वाईट नव्हता, पण सोपं उत्तर समोर आलं की त्यावर मांडी ठोकून बसायचा.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या बाई. जरा विचार करा. डोक्यावर सळ्यांचा भारा लटकतोय आणि खालचा माणूस वरच्याला सांगतोय, सोड बाबा माझ्यावर! कुणी सांगेल काय?"

"नाही सांगणार."

"मग? आदल्या दिवशी दोघांची जुंपली होती. सगळ्या साईटनं ऐकलंय. मयत ओरडत होता, माझ्या जिवावर उठलास काय म्हणून. झालं की! आता आईची फिर्याद तेवढी राहिली. ती बाई रोज बघू म्हणते. शिंत्रेसाहेब स्वतः तिच्या घरी दोनदा जाऊन आले."

"शिंत्रे का गेले?"

"सांत्वनाला."

सांत्वन करायला दोनदा जाणारा व्यवस्थापक निशिगंधाने आजवर पाहिला नव्हता.

शशिधरला बाहेरच्या खोलीत आणलं. खांद्यांनी रुंद, नजरेने लहान मुलासारखा. चार महिन्यांपूर्वी पहिल्यांदा गाव सोडलेला. तिने विचारलं, ते त्याला निम्मंच कळलं असावं, पण उत्तर त्याच्याकडे तयार होतं.

"तो सांगितला, बाई. मी सोडला."

"तुला त्याचं तोंड दिसत होतं?"

"खड्डा खोल हाय. दिसत न्हाय. आवाज येतो."

"आवाज अझीमचाच होता?"

"तोच. दोनदा सांगितला. मी दोनदा सोडला." त्याने मान खाली घातली. "दोनदा बी त्यानंच सांगितला."

"बघा," सरनोबत म्हणाला, "एका दमात दोनदा आरडला म्हणे. असा कुठला शहाणा?"

शशिधर खोटं बोलत असता, तर त्याने जरा बरं खोटं निवडलं असतं. दोर सटकला म्हणाला असता, हात घसरला म्हणाला असता. खटक्याची तपासणी होईल हे त्याला कुठे ठाऊक होतं? उलट अंगाशी येणारं आणि कुणाला पटणार नाही असं एकच वाक्य तो धरून बसला होता. म्हणजे त्याने ते ऐकलं होतं.

आणि अझीमने ते म्हटलं नव्हतं.

३

साईटवर सिमेंटचा मिक्सर घरघरत होता. बोलायचं तर ओरडावं लागत होतं. शिंत्र्यांनी तिला थंडगार कार्यालयात नेलं. तिथे हेन्रिक नावाचा उंच परदेशी गृहस्थ होता. कंपनीच्या देशोदेशींच्या कामांवर मजुरांची उत्पादकता मोजणं आणि ती वाढवणं ही त्याची नोकरी. सावकाश, स्वच्छ इंग्रजीत बोलणारा सभ्य माणूस.

"मी दिवसातून केव्हाही साईटवर फिरतो," तो सांगू लागला. "ज्याचे हात चालू असतात तो कामात. जो नुसता उभा असतो तो रिकामा. आफ्रिकेत मोजलं, बांगलादेशात मोजलं, इथे मोजलं. आमच्याकडे एक माणूस करतो ते करायला इथे तीन लागतात."

"तुमच्याकडे सळ्यांचा भारा खड्ड्यात कशाने उतरवतात?"

"अर्थात क्रेनने."

"क्रेनवाल्याला खालचं दिसलं नाही तर?"

"त्याच्या कानात रेडिओ असतो. खाली प्रशिक्षित माणूस असतो."

"आणि इथे हातविंच." निशिगंधाचा आवाज चढला नाही. तिचा राग नेहमी तिला आणखी हळू बोलायला लावायचा. "म्हणजे तुम्ही क्रेनशी हाताची तुलना केलीत आणि उरलेल्या फरकाला माणसाचं नाव दिलंत."

हेन्रिक काही बोलणार तोच शिंत्रे मध्ये पडले. "अहो, पण सुधारणा बघा ना, मॅडम! मी गावकीची टोळकी मोडली. कानडी कानड्यांत, पेठेतले पेठेतल्यांत, दिवसभर नुसत्या गप्पा. आता सगळे मिसळून टाकलेत. फुकट उभे राहणारे कमी केले. दरमाणशी काम कितीतरी चढलं! हेडऑफिसनं माझं अभिनंदन केलं."

"काम वाढलं की माणसं कमी झाली?"

"एकच की ते!"

"एक नाही. काम तेवढंच ठेवून खालचा आकडा लहान केला तरी भागाकार चढतो. शाळेतलं पोरही हे करून दाखवेल."

शिंत्र्यांचं हसू ओठावरच राहिलं. ती उठून बाहेर आली.

उन्हात एक पन्नाशीचा माणूस डोक्यावरून सळ्यांची मोळी नेत होता. सवय नसलेल्या माणसासारखा, मान अवघडून. पलीकडच्या खड्ड्यावर विंचचा आकडा हलला, तसा तो थबकला. मोळी त्याने खाली टाकली, खड्ड्याच्या काठाकडे दोन पावलं गेला आणि त्याचा उजवा हात छातीवर काहीतरी चाचपून ओठांकडे गेला. हातात काही नव्हतं. हात तसाच खाली आला.

"नाव काय तुमचं?"

"गुंडू."

"शिट्टी कुठे गेली, गुंडूमामा?"

त्याने कार्यालयाच्या काचेकडे पाहिलं. काचेआड शिंत्रे उभे होते.

"कसली शिट्टी? मी सळ्या वाहतुया, पावणं. पहिल्यापास्नं सळ्याच वाहतुया."

"मग काठाशी कोण उभं राहायचं?"

"कुनी न्हाय! कोन बी न्हाय!" तो एकदम खेकसला. "माझी दोन पोरं ह्याच कामावर हाईत, बाई. तुमचा पगार दुसरीकडं हुतोय. जावा की आता!"

४

शिवाजी पेठेतल्या बोळात तालमीपाशी अझीमचा फोटो लावला होता, संघाच्या जर्सीतला, पायाखाली चेंडू. घरात त्याची आई बेगम भिंतीला टेकून बसली होती. शेजारी तोहिद, अझीमचा मित्र. त्या दिवशी तोही खड्ड्यात होता.

"तुमी बी फिर्यादीचं सांगाय आलाय?" बेगमने विचारलं.

"नाही. अझीमबद्दल विचारायला आले."

"ते शिंत्रे कागद घिऊन आलते. सगळं लिवलेलं हुतं त्यात. कानडी पोरानं वैरानं मारलं म्हणून. मी म्हटलं, तुमी तिथं हुता काय? न्हाय म्हणाले. मग तुमास्नी कसं ठावं? तर म्हणाले, आई, सही करा, दुःख हलकं हुईल." तिने पदराने तोंड पुसलं. डोळे कोरडेच होते. "दुःख हलकं कराय हे काय पोतं हाय व्हय?"

"तुम्ही काय ठरवलंय?"

"मला खरं नाव पायजे. चुकीच्या पोराला अडकवलं तर माझा पोरगा मला माफ करायचा न्हाय. आणि खरा सुटला तर मी सवताला करायची न्हाय. म्हणून बघू म्हणतीया."

निशिगंधा तोहिदकडे वळली. "भारा वर असताना अझीम शशिधरला काही बोलला?"

"न्हाय, मॅडम. कसं बोलंल? माझा पाय चिखलात अडकलाता. अझीम भाऱ्याचं टोक वळवत हुता. त्यानं मला हाक मारली, आणि वरनं भाराच आला."

"तुला हाक मारली. शशिधरला नाही."

"मलाच."

"आणि आदल्या दिवशीचं भांडण?"

"त्या कानड्यानं आदल्या दिवशी बी असाच भारा मधीच सोडलाता. हातभर अंतरावर पडला. अझीम वर जाऊन त्याच्या अंगावर धावला. माझ्या जिवावर उठलास काय, मी कधी सांगितलं तुला, म्हणत हुता. तर ह्यो उलट त्याच्यावरच डाफरतोय, तूच सांगितलास म्हणून."

निशिगंधा ताठ बसली. दोनदा सांगितला, मी दोनदा सोडला. एका दमात दोनदा नव्हे. एकदा आदल्या दिवशी आणि एकदा त्या दिवशी. म्हणजे भांडण हे वैराचं कारण नव्हतंच. ती पहिली चूक होती, आणि तिच्यातून दोघेही जण आपलंच खरं समजून बाहेर पडले होते.

"हाक कशी मारायचा तो?" तिने विचारलं. "तोहिद म्हणून?"

तोहिदला हसू आलं आणि मग हसल्याचीच लाज वाटली. "नाव कुठलं घेतोय! सगळी पेठ भावा म्हणती, मर्दा म्हणती. हे एकटंच येगळं. ल्हानपणापासनं ज्याला त्याला भिडू. पास दे भिडू. च्या सांग भिडू."

"मला बी," बेगम म्हणाली. "भूक लागली भिडू, म्हणायचा. मी म्हणायची, अरे मुडद्या, आई हाय मी तुझी, संघात हाय काय मी तुझ्या?"

एवढं बोलून तिने तोंड भिंतीकडे केलं.

५

पवित्रा दुपारपासून प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून होती. निशिगंधा आली तशी उठली.

"भेटलासा? काय म्हनाले? सोडत्यात?"

"अजून नाही. पण तुमचा भाऊ खरं बोलतोय एवढं मला कळलंय. आता ते कसं खरं, तेवढं कळायचं राहिलंय."

"मी काय म्हनतो, बाई, खरं म्हनजे खरंच की. कसं खरं काय असतंय?"

एव्हाना तिच्या मुलीने निशिगंधाच्या पर्सचा पट्टा दोन्ही मुठींत पकडला होता आणि सगळं वजन टाकून ती त्याला लोंबत होती. निशिगंधा हसली. पट्टा ताणला गेला.

"बिडू!" पवित्रा मुलीवर ओरडली. "बिडू, बिडू!"

मुलीने मुठी उघडल्या. पट्टा सुटला.

निशिगंधा जागीच उभी राहिली. आधी तिला वाटलं, की पेठेतला तो शब्द तिच्या कानात अजून घुमतोय, म्हणून भलतंच ऐकू आलं. ही बाई एवढ्याशा पोरीला भिडू कशाला म्हणेल?

"काय म्हणालात तुम्ही तिला?"

"कुठं काय? सोड म्हटलं. पट्टा तुटंल न्हाय काय तुमचा."

"कानडीत सोडला काय म्हणतात?"

"बिडू. सोड, सोडून दे. बिडू."

"आणि मराठीत भिडू म्हणजे काय, ठाऊक आहे?"

पवित्राने नकारार्थी मान हलवली. "ते काय असतंय?"

निशिगंधाने पायरीवरच बसकण मारली. एकाच्या तोंडात जो शब्द सोबती होता, तो दुसऱ्याच्या कानात हुकूम होता. भ आणि ब यांच्यामधला फरक म्हणजे श्वासाचा एक झोत. आणि मध्ये मिक्सरची घरघर, खोल खड्डा, न दिसणारं तोंड. अझीमने मित्राला हाक मारली होती. शशिधरने त्याचं ऐकलं होतं. दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं.

मग आणखी एक गोष्ट तिच्या मनात आली आणि हळहळ मागे सरून संताप वर आला. मिसळलेल्या टोळ्या काही जगात पहिल्यांदा एकत्र काम करत नव्हत्या. वेगळ्या भाषांच्या माणसांनी एका दोरावर काम करायचं, तर त्यासाठी एक साधी सोय माणसं आपली आपण करतात. काठावर एक डोळस माणूस उभा करतात आणि त्याच्या तोंडात शिट्टी देतात. शिट्टी ना मराठी, ना कानडी.

तो उभा असतो. त्याचे हात चालू नसतात.

तिने सरनोबतला फोन लावला. "उद्या सकाळी साईटवर या. शशिधरला आणा. आणि अझीमच्या आईला विचारा, त्या येतील का."

"कशाला, मॅडम?"

"मेलेला माणूस काय म्हणाला, ते तुम्हाला ऐकवायचंय."

६

सकाळी खड्ड्याच्या काठावर सगळे जमले. शिंत्रे घड्याळाकडे पाहत होते, हेन्रिक हाताची घडी घालून उभा होता. बेगम एका उलट्या घमेल्यावर बसली होती. तिच्यापासून लांब, हवालदाराच्या शेजारी शशिधर. तिने एकदाच त्याच्याकडे पाहिलं.

निशिगंधाने विंचला रिकामा आकडा लावायला सांगितला. खड्ड्यात आकड्याच्या खाली कुणी नव्हतं. तोहिद एका कोपऱ्यात, आडोशाला उभा होता. मिक्सर त्या दिवशीसारखाच चालू ठेवला. मग तिने सीमेकडून नव्याने आलेल्या मजुरांतले तिघं निवडले आणि दूर थांबवले. एकेकाला बोलावून विंचवर उभं केलं. सूचना एकच होती. नेहमी काम करतोस तसं कर.

पहिला आला. खालून तोहिद ओरडला, "पाणी हाय का रं?" माणूस हलला नाही. "ए भावा!" तरी हलला नाही.

"भिडू!"

त्याने खटका उचलला, ब्रेक ढिला केला. आकडा सरसरत खाली गेला आणि तळाच्या चिखलात रुतला.

दुसऱ्याने तेच केलं. तिसऱ्यानेही. प्रत्येक वेळी आकडा खाली गेला, आणि प्रत्येक वेळी बेगमचं अंग शहारलं. आपल्या पोराचा शब्द ती खड्ड्यातून येताना ऐकत होती.

"आता मराठी माणूस," निशिगंधा म्हणाली. राधानगरीकडचा एक मजूर विंचवर उभा राहिला.

"भिडू!"

तो काठाशी वाकला. "काय रं? काय झालं?"

खटका जागेवर होता.

सरनोबतने टोपी काढून डोकं खाजवलं. "आयला," तो हळूच म्हणाला, "म्हणजे हे पोरगं पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतं."

"तुम्ही म्हणालात, कुणी असं सांगेल काय. बरोबर होतं ते. अझीमने सांगितलंच नाही. पण शशिधरने ऐकलं."

"दुर्दैव," शिंत्रे चटकन म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "भाषेचा घोटाळा. खरंच फार वाईट झालं. पण मग कुणाचाच दोष नाही, नाही का? शुद्ध अपघात. सोडा बिचाऱ्याला. विषय संपला."

ज्याला खुनी ठरवायला हा माणूस दोनदा पेठेत गेला होता, त्याला आज तो बिचारा म्हणत होता. निशिगंधा त्यांच्याकडे वळली.

"पहिल्या दिवशी झाला, तो अपघात. भारा हातभर अंतरावर पडला, दोघं भांडले, सगळ्या साईटनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तेच दोघं, तोच विंच, काठावर कुणी नाही. याला अपघात म्हणत नाहीत."

"मला कुणी सांगितलं नाही त्याबद्दल. मी ऑफिसात असतो, मॅडम. मजुरांची भांडणं रोजचीच."

"काठावर शिट्टीवाला होता. त्याला काढलं कुणी?"

"असं पद आमच्याकडे नव्हतंच कधी."

हेन्रिकला मराठी कळत नव्हती, पण बोलताना निशिगंधाने ओठांशी मूठ नेऊन शिट्टी वाजवण्याची खूण केली होती, ती त्याने ओळखली. "तो शिट्टीवाला?" तो इंग्रजीत म्हणाला. "हो, होता ना. मी जेव्हा जेव्हा आलो तेव्हा तो उभाच दिसला. मी त्याला रिकाम्यांत धरलं." तो थांबला. खड्ड्यात पाहिलं, मग काठाकडे. "तो काय बघत उभा असतो, हे मी विचारलं नाही. नंतर मिस्टर शिंत्रे म्हणाले, ती जागा आता बंद केली आहे."

निशिगंधाने ते मराठीत सांगितलं, शब्द न गाळता.

"त्यांना गैरसमज झालाय!" शिंत्रे ओरडले. "माणूस हलवला असेल दुसऱ्या कामावर. पण धोका आहे असं मला कुणी कळवलं होतं का? आणा समोर! आहे कुणी?"

मिक्सर बंद केला होता आणि एवढी माणसं असूनही नदीचा आवाज ऐकू येत होता. गुंडू सळ्यांच्या ढिगाशी उभा होता. त्याची दोन्ही पोरं गर्दीत होती. तो जमिनीकडे बघत राहिला. शिंत्रेही त्याच्याकडेच बघत होते, आणि त्या नजरेत काय होतं ते सगळ्यांना कळत होतं.

निशिगंधाकडे आणखी काही नव्हतं. खटका बोलला होता, शब्द बोलला होता. पुढचं कुठल्या भिंगाखाली दिसणारं नव्हतं.

बेगम उठली. गर्दीतून वाट काढत ती गुंडूपुढे जाऊन उभी राहिली.

"मामा, तुमचीच हुती न्हवं शिट्टी?"

गुंडूचा जबडा हलला.

"माझा अझीम घरी सांगायचा. काठावर एक म्हातारं हाय, त्याची शिट्टी असली की मला भ्या वाटत न्हाय, म्हणायचा. तुमीच ते?"

"म्हातारं म्हणायचं व्हय मला," गुंडू पुटपुटला आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "मीच ते."

"मग सांगा. पैल्यांदा भारा पडला, तवा तुमी कुठं हुता?"

"सळ्या वाहत हुतो. उभा राहून पगार खातोस म्हणाले आणि शिट्टी काढून घेतली." त्याने श्वास घेतला. पुढचं त्याने एका दमात, शिंत्र्यांकडे बोट करून सांगितलं. "भारा पडला तसा मी हापिसात गेलतो. म्हटलं, साहेब, ह्यास्नी एकमेकांचं बोलणं कळंना झालंय, मला काठावर जाऊ द्या, शिट्टी परत द्या. पगार कमी द्या म्हटलं. तर म्हणाले, महिना संपूस्तवर थांब, आकडा वर जायाचा हाय. तोंड उघडलंस तर पोरं घरी बसतील. म्हणून गप बसलो, बेगमआक्का. दुसऱ्या दिवशी अझीम गेला, तरी गप बसलो."

"खोटं आहे हे!" शिंत्रे म्हणाले.

"खोटं न्हाय," मागून कुणीतरी म्हणालं. "मी हुतो की तिथं, खिडकीला रंग मारत." आणि मग आणखी एक आवाज. "मला बी गुंडूमामानं तवाच सांगितलंतं."

बेगम शशिधरकडे गेली. तो मागे सरकला, हवालदाराला अडखळला. तिने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, पण त्याला हात लावला नाही. तेवढं अजून तिला जमणार नव्हतं. मग ती सरनोबतपुढे येऊन उभी राहिली.

"साहेब, तुमी रोज इचारत हुता. मी रोज बघू म्हणत हुते."

"हां, आई."

"आता बघितलं." तिचा आवाज काठापासून विंचपर्यंत सगळ्यांना ऐकू गेला. "लिवा माझी फिर्याद. ह्या पोरावर न्हाय. शिंत्र्यावर."